बांगडा ताजा होता, तळलाही कडक. मग पाहुणे लाल का झाले?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मालवणच्या बाजूला घरगुती होमस्टे आणि खानावळ, शनिवार-रविवारी ४०-५० ताटं. मे महिन्यात ११ जणांचा ग्रुप जेवायला होता. त्यातल्या ५ जणांनी तळलेला बांगडा खाल्ला. अर्ध्या तासात त्यांपैकी ४ जणांचे चेहरे लालबुंद झाले, अंगावर गांधी उठल्या, डोकं ठणकायला लागलं. कोंबडी-वडे खाणाऱ्यांना काहीच झालं नाही. दवाखान्यात इंजेक्शन दिलं, ‘अ‍ॅलर्जी’ म्हणून सांगितलं, रात्रीपर्यंत सगळे बरे. मासा सकाळचाच होता, कुरकुरीत तळलेला होता. मग चूक कुठे झाली? आणि आता आधी काय घ्यायचं: मोठा फ्रीज, डीप फ्रीजर की आरओ?

मी २३ वर्षं स्वयंपाकघरं सांभाळली, आधी दुसऱ्यांची, मग स्वतःची. आता रत्नागिरी-सिंधुदुर्गात खानावळींच्या माणसांना शिकवते. डॉक्टर नाही, त्यामुळे तुमच्या पाहुण्यांना नक्की काय झालं याचा दाखला मी देऊ शकत नाही. पण एकमेकांच्या नात्यातल्याही नसलेल्या चार माणसांना एकाच दुपारी एकाच माशाची अ‍ॅलर्जी निघत नाही. तुम्ही सांगताय ती लक्षणं, तो अर्धा तास आणि तो बांगडा हे सगळं एकत्र ठेवलं की माझं बोट हिस्टामिनवर जातं.

बांगडा, सुरमई, कुपा, तारली या माशांच्या मांसात हिस्टिडिन नावाचा घटक मुळातच भरपूर असतो. मासा मेला आणि गरम राहिला, की त्याच्या कल्ल्यांतले आणि पोटातले जंतू मांसात पसरतात आणि या हिस्टिडिनचं हिस्टामिन करतात. अ‍ॅलर्जीत आपलं शरीर जे सोडतं तेच हे रसायन, म्हणून लक्षणंही हुबेहूब तशीच. फरक एवढाच की इथे ते बाहेरून, ताटातून आलं. काहींना खाताना जिभेला मिरमिर जाणवते, पण मालवणी मसाल्यात ती कोणाच्या लक्षात येणार!

आता तुमच्या ‘कडक तळला’ या मुद्द्याकडे येऊ. हिस्टामिन तळून जात नाही, उकळून जात नाही, फ्रीजरमध्ये टाकूनही जात नाही. तळताना-उकळताना जंतू मरतात, त्यांनी करून ठेवलेलं हिस्टामिन तसंच राहतं. वासावरून, डोळ्यांवरून, कल्ल्यांच्या रंगावरून ते ओळखता येईल याचीही खात्री नाही. म्हणजे तुम्ही बाजारात मासा नीट पारखून घेतलात, तुमच्या आचाऱ्याने नीट तळला, आणि तरीही गोष्ट हातची गेली. ती मधल्या तासांत गेली.

ते तास मोजा. ‘सकाळचाच’ म्हणजे नेमका कधीचा? रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं जाळं, साधारण सहा-साडेसहाला ओढली असेल. मासा वाळूवर पडला तेव्हाच त्याचं घड्याळ सुरू झालं. बाजारात आठला टोपलीत, वर अधूनमधून शिंपडलेलं पाणी. मासेवाली सांगते, “ताजो फडफडीत आसा गे बाय,” आणि ती खोटं बोलत नसते. तिथून प्लॅस्टिकच्या पिशवीत, स्कूटरच्या पायाशी, मेच्या उन्हात. साडेनऊला साफ केला, दहाला मीठ-हळद-मिरची-आगळ (कोकमाचा रस) लावून परातीत ओट्यावर ठेवला, ‘मुरू दे जरा’ म्हणून. पहिला तुकडा तव्यावर पडला दीड वाजता. सात तास झाले, आणि त्यातला बहुतेक वेळ ३०-३२ अंशांत. समुद्री मासळीसाठी अमेरिकेत जे मार्गदर्शन आहे, त्यात उष्ण हवेत मेलेला असा मासा ६ तासांच्या आत बर्फात गेला पाहिजे असं सांगितलंय. आपल्याकडे सहा तासांत तो बर्फात जात नाही, फोडणीत जातो.

मीठ आणि आगळ लावलं की मासा ‘टिकतो’ ही समजूत तर घराघरात आहे. खारवलेला सुका बांगडा टिकतो, कारण तिथे मीठ भरपूर आणि पाणी गेलेलं असतं. चवीपुरतं मीठ आणि दोन चमचे आगळ म्हणजे खारवणं नव्हे. मसाला लावलेली परात बर्फावर किंवा फ्रीजमध्येच हवी.

बर्फाचा हिशेब एकदा कागदावर करून बघा, मग कोणी शिकवावं लागत नाही. १ किलो बर्फ वितळताना साधारण ८० किलोकॅलरी उष्णता ओढून घेतो. १० किलो मासा ३० अंशांवरून शून्याजवळ आणायला साधारण २४० किलोकॅलरी काढाव्या लागतात. म्हणजे ३ किलो बर्फ नुसता मासा गार करण्यात संपला. तो गार ठेवायचा, पेटीच्या भिंतींतून येणारी उष्णता झेलायची, झाकण पन्नास वेळा उघडायचं, याचा बर्फ वेगळा. म्हणून मे महिन्यात मी मासा जितका तितकाच बर्फ घ्यायला सांगते. लादी नको, कुटलेला बर्फ हवा. लादीवर ठेवलेला मासा एका बाजूने गार आणि दुसऱ्या बाजूने कोमट राहतो. खाली बर्फ, मग माशांचा एक थर, मग पुन्हा बर्फ, आणि पेटीला तळाशी पाणी जायला भोक. पेटी बाजारात घेऊन जायची, घरी आणून भरायची नाही.

त्या बर्फाबद्दल आणखी एक. राज्यात २०१८ पासून अखाद्य बर्फात निळा रंग घालायचा नियम आहे. मासळीच्या पेटीतला बर्फ, निळा असो वा पांढरा, पाहुण्याच्या ग्लासात कधीच जाता कामा नये. त्याच पेटीत सोड्याच्या बाटल्या गार करत ठेवलेल्या मी डोळ्यांनी पाहिल्यात. बर्फात ठेवलेला मासा नंतर पिण्याच्या पाण्याने धुवायचाच.

हे झालं चुलीआधीचं. चुलीनंतरचं दुखणं वेगळं आहे, आणि त्यात मी स्वतः पोळलेली आहे.

मी तेव्हा एका किनाऱ्यावरच्या हॉटेलात स्वयंपाकघर बघत होते. दुसऱ्या दिवशी दुपारी मोठी ऑर्डर होती, म्हणून आदल्या रात्री कोंबडीचा रस्सा करून ठेवला, ४० लिटरचा टोप. आमच्या आचाऱ्याचं एक पालुपद होतं, “उकळी इली की सगळा मरता.” रस्सा रटरटा उकळला होता, मलाही ते पटलं. फ्रीजमध्ये टोप मावत नव्हता. फरशीवर ठेवला, वर ताट झाकलं, पंखा लावला आणि आम्ही घरी गेलो. सकाळी सातला मी टोपाला बाहेरून हात लावून पाहिला. गार होता. वरचा तवंगही थिजायला आला होता. मग डाव घालून तळापासून ढवळलं आणि मनगटापर्यंत वाफ आली. आतला रस्सा अंघोळीच्या पाण्याइतका गरम होता. वास चांगला, चव चांगली. नुसता कोमट करून वाढला. जेवणानंतर कोणालाच काही झालं नाही, मी निर्धास्त. पहाटे फोन सुरू झाले: पोटात मुरडा, जुलाब.

पुढे शिकले तेव्हा कळलं की ते सगळं लक्षण क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्सचं होतं. त्याचे बीजाणू उकळीत मरत नाहीत. उलट उकळीने बाकीचे जंतू मरतात, रश्श्यातली हवा निघून जाते आणि यांना मोकळं रान मिळतं. ४३-४५ अंशांच्या आसपास ते दहाएक मिनिटांत दुप्पट होतात. माझ्या टोपाच्या पोटात त्यांना रात्रभर नेमकं तेच तापमान मिळालं होतं. सकाळी तो रस्सा आतपर्यंत रटरटून तापवला असता तरी बरेचसे मेले असते. मी तेही केलं नाही, कारण ‘शिजलेलाच तर आहे’.

भाताची गोष्ट याहून वाईट, कारण तिथे पुन्हा तापवूनही सुटका नाही. तांदळात बॅसिलस सिरियसचे बीजाणू असतातच. भात शिजला, टोपात तसाच कोमट पडून राहिला, की त्यातले काही उलटी करवणारं विष तयार करतात. ते विष चुलीवरच्या कुठल्याही आचेला दाद देत नाही. तासाभरापासून सहा तासांत उलट्या सुरू होतात. तसंच बोटाला गळू किंवा चिरलेली जखम असलेल्या माणसाने शिजलेल्या पदार्थात हात घातला आणि तो पदार्थ बाहेर राहिला, तर त्या जखमेतल्या जंतूचं विषही तापवून जात नाही. म्हणून जखमेला पट्टी आणि वर हातमोजा, आणि हात पिकलेल्या माणसाला त्या आठवड्यात बाजारहाटाचं काम.

२०११ च्या अन्न परवाना नियमांच्या शेड्यूल ४ मध्ये आकडे आहेत: गरम वाढायचं ते ६० अंशांच्या वर, थंड ठेवायचं ते ५ च्या खाली, पुन्हा तापवायचं तर आतल्या भागापर्यंत ७५. गार करताना ६० वरून २१ वर दोन तासांत यायचं आणि पुढच्या दोन तासांत ५ वर. यातला २१ चा आकडा आपल्याकडे खरा छळतो. आपल्या विहिरीचं पाणीच २६-२७ अंश. टोप हौदात कितीही वेळ बुडवून ठेवा, तो २१ वर येणार नाही. देशावरचे आचारी ‘पाण्यात ठेवला’ म्हणून सांगतात, ते थंडीत तिकडे चालत असेल, इथे नाही. इथे बर्फ लागतोच. आणि २० लिटर रस्सा ६० वरून २१ वर आणायला साधारण १० किलो बर्फ लागतो, म्हणजे फ्रीजरमध्ये गोठवलेली पाण्याची एक बाटली टाकून भागत नाही.

मी काय करते ते सांगते. रस्सा उद्यासाठी करायचाच असेल तर पातळ करत नाही. वाटण आणि तुकडे दाट शिजवायचे, पाणी उद्या तापवताना घालायचं. निम्मं वजन तिथेच कमी होतं. मग तो दाट ऐवज स्टीलच्या परातींत दोन बोटं जाडीचा पसरायचा, परातीखाली कुटलेला बर्फ, अधूनमधून ढवळायचं, वाफ बसली की फ्रीजमध्ये. झाकण पूर्ण गार झाल्यावर. भात तर मी उरवतच नाही, शनिवारी दोन हप्त्यांत शिजवते, साडेबाराला एक आणि दोनला दुसरा. पहिल्या टोपाला गोणपाट गुंडाळते. आमच्या आज्यांची ती युक्ती उत्तम आहे, फक्त आत थर्मामीटर घालून बघायचं. ६० च्या वर असेल तर छान, ५० झाला असेल तर तो गोणपाट जंतूंची गोधडी झाला.

थर्मामीटर म्हणजे टोचायचं, दांडीचं, डिजिटल. हजार रुपयांच्या आत मिळतं. कोविडात घेतलेली कपाळावर धरायची बंदूक यासाठी नाही. ती माणसाच्या तापासाठी आहे आणि तशीही वरचीच त्वचा बघते. टोचायचं थर्मामीटर बरोबर आहे का हे महिन्यातून एकदा तपासायचं: कुटलेला बर्फ आणि थोडं पाणी यांच्या लगद्यात ० दाखवलं पाहिजे, खळखळत्या पाण्यात १००. आपण समुद्रसपाटीला राहतो, त्यामुळे १०० हा आकडा आपल्याला धरता येतो. महाबळेश्वरच्या हॉटेलवाल्याला तो मिळणार नाही, तिथे पाणी ९५-९६ लाच उकळतं. आणि कच्च्या मासळीत टोचलेली दांडी न पुसता रश्श्यात घालायची नाही, हे वेगळं सांगायला नको होतं, पण सांगते.

आता सोलकढी. तुम्ही तिच्याबद्दल विचारलेलं नाही, पण मला तुमच्या बांगड्याइतकीच तिची काळजी वाटते. सोलकढीला उकळी नाही. नारळाचं दूध, आगळ, मिरची-लसूण, पाणी. विहिरीत, हातात, मिक्सरच्या भांड्यात आणि गाळायच्या पंच्यात जे असेल ते सरळ ग्लासात. एकदा एका स्वयंपाकघरात मी मिक्सरच्या भांड्याचं पातं खोलायला लावलं. पात्याखालची रबरी चकती काढली तर खाली काळपट लिबलिबीत थर, आंबूस वास. भांडं रोज घासलं जात होतं, चकती कधीच निघाली नव्हती.

आणि विळी! त्याच खानावळीत विळीवर बांगडे कापले, पाण्याखाली धरली, आणि तिच्याच टोकाच्या खवणीवर नारळ खवला. मासळीवर व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकस हा जंतू असतो, कोमट खाऱ्या पाण्यातलाच तो. १९५० मध्ये ओसाकात तो पहिल्यांदा सापडला, तेव्हा अर्धवट वाळवलेल्या बारीक मासळीतून २७२ लोक आजारी पडले होते आणि २० दगावले होते. शिजवला की तो मरतो. पण नारळावर चढून सोलकढीत गेलेल्याला कोण शिजवणार? पूर्वी मासळीची विळी वेगळी असायची, ती परसातच राहायची, आत आणली तर आजी ओरडायची. तिचं कारण सोवळ्याचं होतं. मला कारणाशी देणंघेणं नाही, दोन विळ्या ठेवा. शक्य असेल तर नारळ सकाळी, मासळी घरात यायच्या आधीच खवून-वाटून फ्रीजमध्ये जाऊ दे. सोलकढी जेवणाच्या वेळीच कालवायची आणि दोन तासांत संपवायची. उरली तर माडाच्या मुळाशी.

ओट्यावरचं फडकं हा तिसरा गुन्हेगार. एकाच फडक्याने मासळीचं पाणी, ताटाची कड आणि कपाळाचा घाम. फडकी रोज उकळा आणि वापरताना क्लोरीनच्या पाण्यात बुडवून ठेवा: ५ टक्क्यांचं ब्लीच असेल तर लिटरला २ मिली, म्हणजे १०० पीपीएम. आधी साबणाने घासायचं, मग क्लोरीन. चिकट ओट्यावर क्लोरीन ओतलं तर ते घाणीवरच खर्ची पडतं. संडास धुवायच्या अ‍ॅसिडजवळ ही बाटली ठेवू नका. दोन्ही एकत्र झाले तर विषारी वायू होतो.

आरओबद्दल. तुमची विहीर खारी नसेल तर आरओवर पैसे घालू नका. कोकणातल्या गोड्या विहिरींना क्षार काढायची गरज नसते, जंतू मारायची असते. जांभा सच्छिद्र दगड, पहिल्या पावसात शोषखड्ड्यातलं काय विहिरीत झिरपेल याचा नेम नाही. चांगली ब्लीचिंग पावडर १००० लिटरला अडीच ग्रॅम या मापाने घालायची. विहीर ३ मीटर रुंद आणि पाणी २ मीटर असेल तर साधारण १४ हजार लिटर होतात, म्हणजे ३५ ग्रॅम. बादलीत कालवून चुना खाली बसू द्यायचा, वरचं निवळ पाणी रात्री विहिरीत सोडायचं. सकाळी ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलंय का ती चाचणी, करून बघायची, ग्रामपंचायतीच्या पाणी कर्मचाऱ्याला ती येते. पाणी गढूळ झालं की मापही वाढतं, तेव्हा त्यालाच विचारून ठरवा.

मोठा फ्रीज घ्यायच्या आधी आहे तो नीट चालतोय का बघा. मधल्या फळीवर ग्लासभर पाणी ठेवा, रात्रभर राहू द्या, सकाळी दार उघडताच त्यात थर्मामीटर बुडवा. ५ च्या वर असेल तर दारावरचा आकडा काहीही म्हणो, फ्रीज आजारी आहे. आपल्या खाऱ्या हवेत मागची जाळी गंजते, त्यावर तेलकट धूळ बसते. महिन्यातून एकदा ब्रशने साफ करा. दाराच्या रबरात कागद धरून दार लावा, कागद सहज ओढून निघाला तर रबर बदला. कच्ची मासळी तळाच्या फळीवर, झाकून. तिचं पाणी कोशिंबिरीवर गळू नये एवढंच त्यामागे आहे.

आणि वीज. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर रायगड-दापोलीकडच्या गावांना कितीतरी दिवस अंधारात काढावे लागले, ते आठवतं का? तेवढं नाही तरी पावसाळ्यात अर्धा दिवस वीज जातेच. दार न उघडता फ्रीज साधारण ४ तास तग धरतो, भरलेला डीप फ्रीजर ४८ तास, अर्धा भरलेला २४. म्हणून फ्रीजरमध्ये रिकामी जागा ठेवू नका, पाण्याच्या बाटल्या गोठवून भरा. वीज गेल्याची वेळ दारावर खडूने लिहायची. दर तासाला ‘बघू या गार आहे का’ म्हणून दार उघडणारा मुलगा प्रत्येक खानावळीत असतो, त्याला दुसरं काम द्या.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर: आधी तळाला भोक असलेली जाड बर्फपेटी, दुसरी विळी, टोचायचं थर्मामीटर आणि एक वही. हे सगळं आरओच्या किमतीच्या बरंच खाली येईल. डीप फ्रीजर पावसाळ्याआधी घ्या. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींच्या मासेमारीला बंदी असते, तेव्हा गोठवलेला मासा घ्यावाच लागतो. पण तो ओट्यावर वितळवायचा नाही, आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या फळीवर ठेवायचा.

वहीत चार रकाने पुरे: मासा कोणाकडून, किती वाजता घेतला, घरी आला तेव्हा टोचून किती अंश, तव्यावर किती वाजता. बांगडा, सुरमई, कुपा यांच्यासाठी हे रोज. आल्यावर मासा १० च्या वर निघाला तर त्या दिवशी पेटीत बर्फ कमी पडला असं समजा आणि तो मासा मसाला न लावता आधी बर्फात घाला. आणि किती वेळ गरम राहिला हे सांगता येत नसेल, तर टाकून द्या. १० किलो बांगडा टाकताना जीव तुटतो, मला माहीत आहे.

त्या दिवशीच्या बांगड्यांपैकी काही तुकडे फ्रीजरमध्ये उरले असतील तर कोणाच्याही पानात वाढू नका. वेगळ्या पिशवीत, तारीख लिहून ठेवा. प्रयोगशाळेत हिस्टामिन मोजता येतं आणि गोठवल्याने ते कमी झालेलं नसतं. मासेवालीशी भांडायला जाऊ नका. तिला फक्त विचारा की पुढच्या शनिवारी रापण कधी ओढणार, आणि त्याआधी तासभर बर्फाच्या कारखान्यावर पोचा.